डाग तिसऱ्यांदा आले, तरी आधी लघवी तपासा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा साडेपाच वर्षांचा. नोव्हेंबरात सर्दी-खोकला झाला, दहा-बारा दिवसांनी दोन्ही पायांवर आणि कुल्ल्यांवर जांभळे डाग उठले, घोटे सुजले, पोटात कळा यायला लागल्या. तपासण्या होऊन 'एचएसपी', म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा एक आजार, असं निदान झालं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत पोट शांत झालं, पंधरा दिवसांनी औषध संपलं आणि आठवडाभरात डाग परत. पुन्हा औषध, पुन्हा आराम. जानेवारीचा पूर्ण महिना छान गेला आणि आता फेब्रुवारीत तिसरी खेप. एक डॉक्टर म्हणतात तीन महिने स्टेरॉइड चालू ठेवा, दुसरे म्हणतात काहीच देऊ नका. घरात अंडी, वांगी, लिंबू, दही सगळं बंद झालंय. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, हे कायमचं मागे लागलंय का आणि किडनी जाईल का.

मी गेली बावीस वर्षं लहान मुलांचे संधिवात आणि रक्तवाहिन्यांना सूज येण्याचे आजार बघते आहे. मुलाला न तपासता कुठलं औषध किती द्यायचं हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण अशा मुलाकडे मी कसं बघते, कशाला घाबरते आणि कशाला घाबरत नाही, हे सांगितलं तर दोन डॉक्टरांच्या दोन मतांमधून वाट काढायला मदत होईल.

तुमची सगळी नजर डागांवर आहे. ते साहजिक आहे, रोज अंघोळ घालताना तेच दिसतात. पण या आजारात डोळ्यांना दिसणारे डाग आणि आत किडनीत चाललेलं काम यांची गणितं वेगवेगळी आहेत. डाग भरपूर असून किडनी ठणठणीत असलेली मुलं मी पाहिली आहेत आणि डाग पुसट झाल्यावर लघवीतून प्रोटीन जायला लागलेलीही पाहिली आहेत. तुमच्या एवढ्या तपशीलवार लिहिण्यात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही. डिसेंबरनंतर लघवीची तपासणी झाली का आणि रक्तदाब कोणी मोजला का?

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्या नाका-घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारं एक प्रतिपिंड असतं, आयजीए. काही मुलांमध्ये त्याच्या रचनेतला साखरेचा एक भाग अपुरा राहतो. अशी अपुरी आयजीए एकमेकांना आणि इतर प्रतिपिंडांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात. भिंत सुजते, तिच्यातून रक्त पाझरतं. त्वचेत पाझरलं की डाग, आतड्याच्या भिंतीत पाझरलं की पोटात कळा, सांध्याभोवती सूज, आणि किडनीच्या गाळणीत ते बसले की लघवीतून रक्त आणि प्रोटीन. डाग पायांवर आणि कुल्ल्यांवर जास्त येतात, कारण उभं राहिल्यावर रक्ताचा भार तिथेच असतो. म्हणूनच दिवसभर हुंदडल्यावर संध्याकाळी ते वाढलेले दिसतात.

तुमच्या जुन्या कागदांवर 'हेनोक-शोनलाइन पर्प्युरा' (म्हणजेच एचएसपी) आणि नव्या कागदावर 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' असं लिहिलेलं असेल, तर ते दोन आजार नाहीत. शोनलाइन यांनी १८३७ मध्ये सांधे आणि डाग यांचा संबंध सांगितला, हेनोक यांनी १८७४ मध्ये पोट त्यात जोडलं, आणि २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेत कारण सांगणारं नवं नाव ठरलं. मुलाला आणखी एक आजार लागला म्हणून रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगितलं.

आता 'परत आला' म्हणजे काय ते पाहू. एकाच खेपेत डाग लाटांसारखे येतात. जुने तपकिरी होऊन विरत असतात, तोवर नवे लालसर-जांभळे उठतात, आणि हे साधारण चार ते सहा आठवडे चालू शकतं. घरचे प्रत्येक लाटेला नवा आजार धरतात आणि मोजता मोजता खचून जातात. किमान काही आठवडे मूल पूर्ण बरं असेल आणि मग डाग आले, तरच मी त्याला खरी पुनरावृत्ती म्हणते. तुमच्या मुलाची दुसरी खेप माझ्या मते पुनरावृत्ती नव्हतीच. स्टेरॉइडनं आग विझली नव्हती, राख धरली होती. राख उडाली, निखारा दिसला. फेब्रुवारीतली मात्र खरी. म्हणजे तुमच्या हिशेबानं तीन, माझ्या हिशेबानं एक आजार आणि एक पुनरावृत्ती.

अशी पुनरावृत्ती साधारण तीनातल्या एका मुलात होते. बहुतेक वेळा ती पहिल्या चार-सहा महिन्यांतच येते, पहिल्यापेक्षा सौम्य असते आणि लवकर आटोपते. बऱ्याचदा आधी एखादी सर्दी, घसादुखी किंवा ताप झालेला असतो. वर्षभरानंतरही येत राहणारी मुलं असतात, पण थोडी. त्यामुळे 'कायमचं मागे लागलंय का' याचं माझं उत्तर, बहुतेक नाही. तुम्ही अजून त्या काळातच आहात ज्यात ते परत येणं अपेक्षित असतं.

स्टेरॉइडच्या प्रश्नावर दोन्ही डॉक्टरांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. पोटात कळा येऊन मूल वाकडं होतंय, काही खात नाही, शीतून रक्त जातंय, घोटे-गुडघे सुजून पाऊल टाकवत नाही, तेव्हा स्टेरॉइडचा उपयोग होतो आणि मी ते देते. पोटाचा त्रास जास्त असेल तर आधी शिरेतून, कारण सुजलेल्या आतड्यातून तोंडानं दिलेलं औषध नीट शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. नंतर दोन-चार आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद. फिनलंडमध्ये १७१ मुलांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पोटाचं आणि सांध्यांचं दुखणं स्टेरॉइडनं कमी झालं, पण किडनीला होणारी बाधा टळली नाही. ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर झालेल्या अभ्यासातही (तो २०१३ चा) सुरुवातीलाच चौदा दिवस स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत वर्षभरानंतर लघवीतल्या प्रोटीनमध्ये फरक पडला नाही. म्हणजे किडनी वाचवायची म्हणून आधीपासून स्टेरॉइड देण्याला आधार उरलेला नाही. आणि नुसते डाग जावेत म्हणून ते महिनोन्महिने देण्याला तर मुळीच नाही.

हे मी पुस्तकातून नाही, चुकून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात सहा वर्षांच्या एका मुलीला, आईवडिलांची काळजी बघवत नव्हती म्हणून, मी डाग उठले की स्टेरॉइड वाढवत गेले. पाच महिन्यांत तिचा चेहरा फुगला, वजन वाढलं, उंचीची रेघ सपाट झाली आणि रक्तदाब चढला. तो दाब किडनीमुळे चढला की माझ्या औषधामुळे, हेच मला सांगता येईना. डाग औषध कमी केलं की यायचे ते येतच होते. औषध हळूहळू बंद केल्यावर ते दोन महिने येत राहिले आणि मग आपले आपण थांबले. त्या मुलीला ते पाच महिने मी विनाकारण घालायला लावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक मात्र जपा. तुमच्या मुलाला आत्ता स्टेरॉइड चालू असेल तर हे वाचून उद्या एकदम थांबवू नका. काही आठवडे बाहेरून औषध मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि अचानक बंद केल्यावर मूल गळून जाऊ शकतं. डॉक्टरांशी बोलून उतरत्या डोसानंच बंद करायचं. आणि औषध चालू असताना घरात, शेजारी किंवा वर्गात कोणाला कांजिण्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पुरळ उठायची वाट पाहू नका.

आता किडनी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

११३३ मुलांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांना किडनीची काही ना काही बाधा झाली होती. ऐकायला भयंकर वाटतं, पण यातल्या बहुतेकांच्या लघवीत फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त किंवा थोडं प्रोटीन होतं आणि अशा मुलांपैकी दीर्घकाळ नुकसान राहिलेली शंभरात दोनसुद्धा नव्हती. ज्यांच्या लघवीतून खूप प्रोटीन जात होतं, अंगावर सूज होती आणि रक्तदाब चढलेला होता, त्यांच्यात मात्र पाचातल्या एकाला कायमचा फटका बसला. म्हणजे सगळी हुशारी हा दुसरा, छोटा गट वेळेत ओळखण्यात आहे. त्याच आढाव्यात असंही दिसलं की ज्यांना किडनीची बाधा झाली त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांमध्ये ती पहिल्या चार आठवड्यांत दिसली, सुमारे ९० टक्क्यांमध्ये सहा आठवड्यांत आणि ९७ टक्क्यांमध्ये सहा महिन्यांत. ज्यांची लघवी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, त्यांच्यापैकी एकाचीही किडनी पुढे बिघडलेली आढळली नाही.

माझं वेळापत्रक या आकड्यांवरून ठरलं आहे. पहिला महिना दर आठवड्याला लघवी आणि रक्तदाब, दुसरा महिना पंधरा दिवसांनी, मग सहा महिने पूर्ण होईपर्यंत महिन्यातून एकदा. खरी पुनरावृत्ती झाली की घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. काही डॉक्टर थोडं वेगळं वेळापत्रक पाळतात, त्यात वावगं काही नाही. सहा महिने मधेच सोडू नयेत एवढंच. शहरापासून लांब राहणाऱ्या घरांना मी लघवी तपासायच्या पट्ट्या घरीच ठेवायला सांगते. पट्टी बुडवायची, डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर रंग जुळवायचा, कॅलेंडरवर लिहायचं आणि फोटो पाठवायचा. चौथी शिकलेल्या आज्या हे काम माझ्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा नेटकं करतात.

लघवी सकाळी उठल्यावरची पहिलीच हवी. दिवसभर उभं राहून खेळल्यावर काही निरोगी मुलांच्या लघवीतही प्रोटीन येतं आणि उगाच घबराट होते. झोपून उठल्यावरच्या लघवीत ते सापडलं तर त्याला अर्थ आहे. पट्टीवर प्रोटीन दिसलं की लॅबमधून प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं (लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) प्रमाण काढून घ्यायचं. या वयात ते ०.२ च्या आत असावं. २ च्या वर गेलं तर त्याच आठवड्यात लहान मुलांच्या किडनीतज्ज्ञांना दाखवायचं. मधल्या आकड्यांना किती दिवस वाट बघायची, बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) कधी करायची, हे आकडा वाढतोय की उतरतोय यावर ठरतं. किडनीला खरंच बाधा झाली असेल तर स्टेरॉइडची आणि इतर औषधांची भूमिका वेगळी असते. तेव्हा मी ती द्यायला मागेपुढे पाहत नाही.

रक्तदाबाबाबत तुम्हाला आग्रह धरावा लागेल. लहान मुलाचा दाब मोजायचा पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तर दाब खोटा कमी येतो, फार अरुंद असला तर खोटा जास्त. आणि आकडा कानावर पडला की मोठ्यांशी तुलना करू नका. साडेपाच वर्षांच्या मुलाचा दाब १२०/८० आला तर 'नॉर्मल आहे' म्हणून घरी यायचं नाही. त्याच्या वयाला तो चढलेला दाब आहे.

सात वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे डोळे सुजलेले, लघवी कोऱ्या चहासारखी अशा अवस्थेत आला होता. डाग जाऊन अडीच महिने झाले होते. घरच्यांनी काही हयगय केली नव्हती. जिथे उपचार झाले तिथे 'डाग गेले की बरा' एवढंच सांगितलं होतं, लघवीचं कोणी बोललंच नव्हतं. तो सावरला, पण दीड वर्ष औषधं घ्यावी लागली. म्हणून मी तपासणीच्या तारखा फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईनं लिहिते.

पोटाकडेही लक्ष असू द्या. थांबून थांबून येणाऱ्या जोरदार कळा, हिरवी उलटी, डांबरासारखी काळी किंवा रक्त-शेंबूड मिसळलेली शी, पोट फुगून कडक होणं, यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा आणि सोनोग्राफी करून घ्या. सुजलेलं आतडं कधी कधी शेजारच्या आतड्यात शिरतं. इतर लहान मुलांमध्ये हे बहुधा छोटं आतडं मोठ्या आतड्यात शिरून होतं आणि गुदमार्गातून हवा किंवा पाणी सोडून सोडवता येतं. या आजारात ते बऱ्याचदा छोट्या आतड्यातच होतं, तिथवर हवा पोचत नाही, म्हणून सर्जन जवळ असलेलं रुग्णालय निवडा. मुलग्यांमध्ये अंडकोशही सुजू शकतो. अचानक दुखून सूज आली तर 'एचएसपीमुळेच असेल' असं धरून बसू नका. अंडकोशाला पीळ पडला नाही ना, हे तासाभरात पाहावं लागतं.

पथ्याबद्दल तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि अंडी-दही परत सुरू करा. ठरावीक पदार्थ बंद केल्यानं हा आजार थांबतो असं दिसलेलं नाही. बरं होणाऱ्या मुलाला प्रथिनं लागतात. स्टेरॉइड चालू असेल किंवा दाब चढला असेल, तर पापड, लोणचं, फरसाण, चिप्स कमी करा, एवढंच पथ्य मी सांगते. पोट दुखत असेल त्या दिवसांत मऊ भात, वरण, ताक, मुगाची खिचडी पुरे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर प्रत्येक वेळी डाग आले असतील तर लिहून ठेवा आणि दाखवा, ते मी हसण्यावारी नेत नाही.

दुखण्यासाठी घरात पॅरासिटामॉल ठेवा. आयब्युप्रोफेन सांध्यांना चांगलं, पण पोटातून रक्त जात असेल किंवा लघवी बिघडली असेल तर टाळायचं, म्हणून ते स्वतःहून देऊ नका. घसा वारंवार धरत असेल तर स्ट्रेप जंतूंची तपासणी करून घ्या आणि किडलेले दात दाखवा. एका मुलीचे डाग चार खेपांनंतर, दाढेतला पू काढल्यावर थांबले. ते दाढेमुळेच थांबले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कदाचित वेळच झाली होती. पण सडकी दाढ तशीच ठेवण्यात काय फायदा?

शाळेत पाठवा. हा आजार संसर्गजन्य नाही, हे बाईंना चिठ्ठीत स्पष्ट लिहून द्या, नाहीतर मुलाला वेगळं बसवतात आणि ते डागांपेक्षा जास्त लागतं. पाय सुजलेले असताना चार-आठ दिवस पळापळी आणि पीटी नको, पाय उशीवर उंच ठेवून झोपवा. पुढे महिनोन्महिने खेळ बंद ठेवायची गरज नाही. लसींचं म्हणाल तर पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर तब्येत स्थिर झाल्यावर घेता येतो. कांजिण्यांची किंवा गोवराची लस राहिली असेल, तर ती जिवंत लस असते. मोठ्या डोसात दोन आठवडे किंवा अधिक स्टेरॉइड घेतलं असेल, तर बंद केल्यावर किमान एक महिना थांबून घ्यायची.

तरीही डाग येतच राहिले तर? तेव्हा मी आधी स्वतःच्या निदानावर शंका घेते. पहिल्या दिवशी प्लेटलेट पाहिल्या होत्या का? आपल्याकडे पावसाळ्यात डाग म्हटलं की डेंग्यूची धास्ती असते आणि ती रास्त आहे. पण एचएसपीमध्ये प्लेटलेट कमी होत नाहीत, उलट बऱ्याचदा वाढलेल्या असतात. ताप आठवड्यांमागून आठवडे रेंगाळतोय, वजन उतरतंय, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) सतत चढा आहे, कातडीवर जाळीदार निळसर नक्षी किंवा दुखऱ्या गाठी आहेत, दोन हातांच्या दाबात किंवा नाडीत फरक आहे, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला, यातलं काहीही एचएसपीच्या चित्रात बसत नाही. मग मोठ्या किंवा मध्यम रक्तवाहिन्यांचे आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), किंवा एडीए-२ नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असण्याचा जनुकीय आजार शोधावा लागतो. हा शेवटचा आजार २०१४ मध्येच ओळखला गेला. त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि वेळेत दिली तर पक्षाघाताचे झटके टळतात. शंका असेल तर ताज्या, एक-दोन दिवसांच्या डागातून कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यात आयजीए दिसतं का ते पाहतात.

निदान पक्कं असेल आणि डागांनी मूल खरंच बेजार असेल, तर स्टेरॉइडऐवजी कोल्चिसिन किंवा डॅप्सोन वापरून बघता येतं. डॅप्सोनच्या आधी जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची रक्तचाचणी केलीच पाहिजे, ते कमी असलेल्या मुलाच्या रक्तपेशी या गोळीनं फुटतात. कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घातक ठरू शकतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी औषधाचा कागद बरोबर ठेवा. तुमच्या मुलाला मात्र, तुम्ही लिहिलंय त्यावरून, यातलं काही लागेल असं मला आज वाटत नाही. पोट शांत आहे, चालतोय, ताप नाही.

तर आज रात्री एक स्वच्छ बाटली आणून ठेवा. उद्या उठल्याबरोबरची पहिली लघवी धरा, सुरुवातीची थोडी सोडून मधली, आणि तासाभरात लॅबला द्या. रूटीन आणि प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण, दोन्ही लिहून मागा. तिथूनच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि मुलाच्या मापाच्या पट्ट्यानं दाब मोजून कागदावर लिहून घ्या. हे दोन आकडे आले की मला इथेच कळवा, डागांचा फोटो नसला तरी चालेल.